नोंदवहीत नाव चढेपर्यंत

"मॅडम, कंपनीनं मला पाच हजार शेअर दिलेत." पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करताना हे वाक्य सतत कानावर पडतं, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या हातात कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र असतं, खाली संचालकाची सही असते, आकडा ठळक छापलेला असतो. पण कायद्याच्या हिशेबानं त्याच्या नावावर अजून एकही शेअर नाही. ठरलेल्या मुदतीनंतर, ठरलेल्या भावानं शेअर मागण्याची मुभा, म्हणजे ऑप्शन, तेवढी त्याला मिळालेली आहे. सगळे ज्याला इसॉप म्हणतात ते हेच.

कंपनी कायद्याखालच्या 2014च्या नियमांत याबद्दल एक कोरडं वाक्य आहे: ऑप्शन वापरून शेअर मिळेपर्यंत कर्मचाऱ्याला लाभांश नाही, मत नाही, भागधारकाचा कुठलाही लाभ नाही. ऑप्शन दिल्यापासून ते व्हेस्ट होईपर्यंत, म्हणजे वापरण्याजोगे होईपर्यंत, किमान एक वर्ष जावंच लागतं. कंपन्या साधारणपणे ते चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं व्हेस्ट करतात. तोवर ते विकता येत नाहीत, गहाण टाकता येत नाहीत, बायकोच्या नावावर करता येत नाहीत. आणि व्हेस्ट झाले तरी काम संपत नाही. अर्ज करायचा, पैसे भरायचे, मग बोर्डानं ठराव करून शेअर वाटप करायचं, त्याचं विवरणपत्र तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे जायचं आणि शेअर डीमॅट खात्यात पडायचे. इथे तुम्ही सभासद झालात. त्याआधी तुमची बाजू करारापुरती असते आणि त्या कराराचा मसुदा कंपनीनं लिहिलेला असतो.

सभासद झाल्यावर मात्र चित्र पालटतं, आणि ते किती पालटतं याचा पत्ता कर्मचाऱ्यांना नसतो. कंपनी कायद्यात 'कर्मचारी भागधारक' अशी दुय्यम जात नाही. शंभर शेअरवाल्या टेस्टिंग इंजिनिअरला सर्वसाधारण सभेची नोटीस जायला हवी, ताळेबंद जायला हवा. त्याला सभेला बसता येतं, आपल्या शेअरइतकं मत देता येतं, सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं बघायला मागता येतात, तीही फुकट. कंपनीनं नवे शेअर हक्कभाग म्हणून काढले तर त्याच्या हिश्शाचे त्यालाही देऊ करावे लागतात. ही मेहेरबानी नाही. (सभा कामाच्या वेळात असेल तर रजा टाकावी लागते का, असं मला एकानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. कायदा त्यावर गप्प आहे.)

खासगी मर्यादित कंपनीत एक अडसर असतो. 2015च्या एका अधिसूचनेनं अशा कंपन्यांना बऱ्याच कलमांतून सूट दिली: सभेच्या नोटिशीचा अवधी, मतदानाची पद्धत, इतकंच काय, शेअरला मत असावं की नसावं हेसुद्धा कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, वेगळं ठरवता येतं. म्हणून पत्र घेऊन आलेल्या माणसाला मी आधी आर्टिकल्सची प्रत आणायला सांगते. ती निबंधकाच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कुणालाही मिळते. तरीही 'एचआर देत नाही' म्हणून लोक महिनोन्‌महिने थांबलेले असतात.

आता थोडं डोकी मोजण्याविषयी. खासगी कंपनीत दोनशेच्या वर सभासद चालत नाहीत, पण नोकरीत असलेले सभासद त्या दोनशेत धरले जात नाहीत. नोकरीत असताना सभासद झालेले आणि नोकरी सोडल्यावरही शेअर राखून असलेलेही धरले जात नाहीत. म्हणजे कर्मचाऱ्यांना सभासद करून घ्यायला कायद्यानं दार मुद्दाम रुंद ठेवलं आहे. दुसरीकडे, कारभार अन्यायाचा किंवा गैरव्यवस्थेचा आहे म्हणून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जायचं तर शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यातली जी संख्या कमी असेल तेवढे अर्जदार लागतात. नाहीतर दहा टक्के भांडवल लागतं. त्या 'नाहीतर'च्या आधीचा भाग नीट वाचा. तीस सभासदांच्या कंपनीत तीन कर्मचारी, प्रत्येकी शंभर शेअर, भांडवलाचा एक टक्कासुद्धा नाही. तरी तिघं मिळून दार ठोठावू शकतात. तिथे शेअर मोजत नाहीत, माणसं मोजतात. गुंतवणूकदारांच्या वकिलांना हे पक्कं ठाऊक असतं. कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षं ऑप्शनवर ठेवायचं, शेअर करून द्यायची वेळ कंपनीच्या विक्रीपर्यंत लांबवायची, या रिवाजामागे कराचं कारण जितकं आहे तितकंच हेही आहे, असं माझं मत आहे.

कराचं कारण मात्र खरंच जड आहे. तुमच्या हाती पाच हजार ऑप्शन आहेत, ऑप्शनचा भाव दहा रुपये आणि मर्चंट बँकरनं शेअरची किंमत 410 रुपये काढली, असं धरू. वापर केला त्या दिवशी प्राप्तिकर खात्याच्या लेखी तुम्हाला वीस लाखांचा पगार मिळाला. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 6 लाख 24 हजार कर, आणि तो कंपनी टीडीएस म्हणून कापून घेते. वर शेअरचे पन्नास हजार. पावणेसात लाख खिशातून गेले, आणि हाती आलेला शेअर बाजारात नोंदलेला नाही, विकत घेणारं कुणी नाही. 2020च्या अर्थसंकल्पानं काही स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर साधारण पाच वर्षं पुढे ढकलू दिला. पण नुसती स्टार्टअप म्हणून नोंदणी पुरत नाही, आंतर-मंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. शिवाय शेअर विकले किंवा नोकरी सोडली की सवलत तिथेच संपते. नोकरी सोडणाऱ्यालाच जास्त नडावी अशी ही सवलत आहे.

कारण सोडताना घड्याळ आधीच चालू झालेलं असतं. राजीनामा दिला की व्हेस्ट न झालेले ऑप्शन जातात, हे नियमातच आहे. व्हेस्ट झालेले वापरायला योजनेत लिहिली असेल तेवढी मुदत. अनेक योजनांत ती नव्वद दिवसांची असते. म्हणजे नवीन नोकरीचा पहिला पगार हाती पडतोय तोच पावणेसात लाख उभे करायचे. माणसं सोडून देतात. चार वर्षं कमावलेला हक्क एका ई-मेलला उत्तर न दिल्यानं रद्द होतो आणि तेवढे ऑप्शन पुन्हा कंपनीच्या पोतडीत जातात. नोकरी धरताना भावावर घासाघीस करण्यापेक्षा ही मुदत वाढवून मागा, हा सल्ला मी देते. काही कंपन्यांनी ती वर्षांत मोजायला सुरुवात केली आहे. कर्ज हवं असेल तर एक विसरलेली तरतूद आहे: सार्वजनिक (पब्लिक) कंपनीला स्वतःचे शेअर घ्यायला कुणालाही पैसे देता येत नाहीत, पण संचालक आणि वरिष्ठतम अधिकारी सोडून इतर कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांच्या पगाराइतकं कर्ज देता येतं. मागणारे मला फारसे भेटलेले नाहीत.

नियमांतला सगळ्यात माणुसकीचा भाग मृत्यूविषयीचा आहे. नोकरीत असताना कर्मचारी गेला, तर त्या दिवसापर्यंत दिलेले सगळे ऑप्शन, व्हेस्ट झालेले असोत वा नसोत, वारसांकडे व्हेस्ट होतात. कायमचं अपंगत्व आलं तर त्याच दिवशी ते त्याच्याकडे व्हेस्ट होतात. पण घरच्यांना प्रॉव्हिडंट फंड ठाऊक असतो, ग्रॅच्युइटी ठाऊक असते, विमा ठाऊक असतो. ऑप्शनचं पत्र ऑफिसच्या लॅपटॉपवर असतं आणि लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात परत गेलेला असतो. ऑप्शन देणाऱ्या, बाजारात न नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, तिला एसएच-6 म्हणतात. वारसानं लेखी पत्रात या नोंदवहीचं नाव घातलं की उत्तर लवकर येतं, हा अनुभव आहे.

शेअर हाती आल्यावरही कंपनी ते परत घेऊ शकते का? आर्टिकल्समध्ये तसं लिहिलं असेल तर बऱ्याच अंशी हो. कामात कसूर म्हणून काढलं तर शेअर दर्शनी किमतीला परत, अशी कलमं मी वाचली आहेत. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, खासगी कंपनीच्या आर्टिकल्समध्ये नसलेलं हस्तांतराचं बंधन कंपनीवरही बांधील नाही आणि भागधारकांवरही नाही. तेव्हा एचआरच्या धोरणपुस्तिकेत काहीही छापलेलं असो, आर्टिकल्स काय म्हणतात ते बघायचं.

थेट शेअर मिळण्याचे रस्तेही आहेत. मे 2022 मध्ये एलआयसीनं कर्मचाऱ्यांना 949 ऐवजी 904 रुपयांना शेअर दिले. 17 मेला बाजारात नोंद झाली तीच त्याहून खाली. तोटा झाला खरा, पण तो पहिल्या दिवसापासून पूर्ण भागधारकाचा तोटा होता, मतासकट. लार्सन अँड टुब्रोचं उदाहरण याच्या उलट. सिमेंटचा धंदा वेगळा काढून बिर्लांकडे गेला, तेव्हा बिर्लांच्या ग्रासिम कंपनीकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टनं घेतले. आज चौदा टक्क्यांच्या आसपास हिस्सा त्या ट्रस्टच्या नावावर आहे आणि कंपनीला प्रवर्तक असा कुणी नाही. कुणी कंपनी गिळायला येऊ नये म्हणून बांधलेली ही भिंत मला दाद देण्याजोगी वाटते. पण सभासदांच्या नोंदवहीत नाव ट्रस्टचं आहे, पवईतल्या फिटरचं नाही. सेबीनं तर इसॉपसाठी काढलेल्या ट्रस्टना त्यांच्याकडच्या शेअरवर मत द्यायलाच बंदी केली आहे, कारण व्यवस्थापनानंच त्या मतांचा वापर केला असता.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जमध्ये कामगार याच्या पार पलीकडे गेले. मालक घराण्यातल्या भांडणात कारखाना बंद पडला. युनियननं कामगारांची सहकारी संस्था काढली, कामगारांनी पदरचे पैसे घातले आणि 1988 साली बीआयएफआर या आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाच्या मंजुरीनं कारखाना कामगारांच्या ताब्यात आला. काही वर्षं तो चाललाही. पुढे पुन्हा डबघाईला आला, आणि तेव्हा त्याच माणसांचा पगारही थकला आणि भांडवलही अडकलं.

हा दुहेरी धोका दिवाळखोरी कायद्यात स्पष्ट दिसतो. कंपनी अवसायनात निघाली की कर्मचारी दोन रांगांत उभा असतो. कामगार असेल तर 24 महिन्यांच्या थकीत देण्यासाठी तारणधारक बँकांच्या बरोबरीनं, इतर कर्मचारी असेल तर 12 महिन्यांच्या पगारासाठी त्यांच्या मागे. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी त्या वाटपाच्या बाहेर, सुरक्षित. भागधारक म्हणून मात्र तो सगळ्यात शेवटी. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या दिवाळखोरीचा 2021 साली निकाल लागला तेव्हा समभागांची किंमत शून्य धरून ते बाजारातून काढून टाकण्यात आले.

एक पोकळी मात्र कायद्यात राहून गेली आहे. युनियनच्या कामासाठी कामगाराला त्रास दिला तर ती अनुचित कामगार प्रथा ठरते. सर्वसाधारण सभेत उभं राहून संचालकांच्या मानधनाबद्दल प्रश्न विचारणाऱ्या मॅनेजरला असं कुठलंच कवच नाही. त्याचा प्रश्न सभासद म्हणून रास्त असतो, अप्रेझल मात्र एप्रिलमध्ये त्याच संचालकांच्या हाताखाली होतं. म्हणून असे प्रश्न बहुधा नोकरी सोडलेले, पण शेअर राखून असलेले सभासद विचारतात. नोकरीत असलेले ते त्यांच्याकरवी विचारून घेतात.