शेपमधला ‘एस’

‘शेपमध्ये यायचंय’ म्हणत आपण जानेवारीत जिमची वर्षाची फी भरतो आणि मार्चपर्यंत विसरूनही जातो. आर्मीत मात्र शेप म्हणजे थेट नोकरीचा प्रश्न. तिथे जवानाची तब्येत याच पाच अक्षरांत मोजतात. एस म्हणजे सायकॉलॉजिकल, एच म्हणजे हिअरिंग, ए म्हणजे अपेंडेजेस, अर्थात हातपाय, पी म्हणजे फिजिकल कपॅसिटी आणि ई म्हणजे आयसाइट. ‘शेप वन’ असलात तर एकदम फिट. आकडा वाढला की ड्युटीवर बंधनं येतात आणि पाचावर पोचला की घरी.

माझा मामेभाऊ यातल्या पहिल्याच अक्षरावर अडकला.

आमचं आजोळ जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीची राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली, म्हणून पुरातत्त्ववाल्यांना हे गाव माहीत. आम्हाला ते माहीत कांदा, ऊस आणि बिबट्यासाठी. दादा बारावीनंतर भरती झाला, तेव्हा मामाने अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. अकरा वर्षं नोकरी झाली. त्यातली बरीचशी बर्फात आणि बंदोबस्तात. मग एकदाचं शांत ठिकाणी पोस्टिंग मिळालं आणि नेमकी तिथेच त्याची झोप गेली. आधी झोप, मग बोलणं. मग बराकीतली सगळी माणसं आपल्यावर नजर ठेवून आहेत, असं त्याला वाटायला लागलं.

आपल्याकडे ऑफिसात टेन्शन आलं तर आपण गुपचूप काउन्सेलर गाठतो आणि एचआरला ‘व्हायरल आहे’ असा मेल टाकतो. फौजेत अशी सोय नाही. तिथे मानसिक आजाराच्या केसमध्ये कमांडिंग ऑफिसरचा रिपोर्ट लागतो. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, एएफएमएसएफ-१०. माणूस युनिटमध्ये कसा वागतो, कामात कसा आहे, हे सगळं त्यात येतं. म्हणजे तुमच्या आजाराची पहिली गोष्ट तुमचा बॉस लिहिणार! त्यानंतर हॉस्पिटलचा वॉर्ड, गोळ्या, काही आठवड्यांची टेम्पररी कॅटेगरी, पुन्हा तपासणी. फरक पडला नाही तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. दादाचं बोर्ड २०२१ मध्ये झालं.

बोर्डाला मुख्यत: तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. आजार कोणता? अपंगत्व किती टक्के? आणि तो आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे वाढला का? पहिल्या दोन उत्तरांवर सहसा वाद होत नाही. सगळं महाभारत तिसऱ्यावर.

दादाच्या कागदावर लिहिलं होतं, ४० टक्के, ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’. फौजी भाषेत ‘नाना’. आमच्या गावात नाना म्हणजे पारावर बसून सगळ्यांना सल्ले देणारे वडीलधारे. हा नाना वेगळाच निघाला. आजार नोकरीमुळे झाला नाही आणि वाढलाही नाही, असा त्याचा अर्थ. कारण एका ओळीत: आजार प्रकृतीतलाच आहे आणि सुरू झाला तो शांत ठिकाणी.

पैशाचं गणित सांगते, कारण महिन्याचा हिशोब आपल्या सगळ्यांना कळतो. दहा वर्षांहून जास्त सेवा असल्याने दादाला इनव्हॅलिड पेन्शन सुरू झाली. त्यावर मिळतो तो डिसॅबिलिटी एलिमेंट. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. आजारामुळे घरी पाठवलेल्या जवानाचे ४० टक्के राउंड ऑफ होऊन ५० धरले जातात, म्हणजे पगाराच्या १५ टक्के. पगार ४० हजार धरला तर महिन्याला ६ हजार. ‘नाना’ लागला की हे ६ हजार शून्य.

‘जाऊ दे, एक कांद्याचा ट्रक कमी भरला असं समजू,’ मामा म्हणाला. मामीचं म्हणणं वेगळं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं. अपील केलं की कागद फिरणार, कोण कोण वाचणार, पाहुण्यांच्या कानावर जाणार. ‘पाठीच्या दुखण्यानं आला’ असं तिने गावात सांगून ठेवलं होतं आणि गावानेही ते मान्य केलं होतं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग मला म्हणाला, ‘तू पेपरवाली ना? मग सांग. प्रकृतीतलाच म्हणजे मी भरतीच्या आधीपासूनच वेडा होतो का?’

मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत याचं उत्तर शिकवत नाहीत. म्हणून मी नियम वाचायला बसले. १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सला जोडलेल्या यादीत सायकोसिस आणि सायकोन्यूरोसिस हे ताणतणावाचा परिणाम होणाऱ्या आजारांमध्येच दिले आहेत. पुढे नियम बदलत गेले, २०२३ मध्ये नवे आले, पण वाद तोच राहिला. २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं आणि संशयाचा फायदा त्याला द्यायचा. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात २०१९ चा निकाल हाती लागला. मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसतोच असं नाही, त्यामुळे हे तत्त्व डोळे झाकून लावता येणार नाही, असं तिथे म्हटलंय. त्या जवानाला पेन्शन मिळाली नाही. आणि २०२५ मध्ये, स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाच्या बाबतीत कोर्टाने पुन्हा बजावलं, की बोर्डाने कारणं द्यायला हवीत. कारणांशिवाय नुसतं मत नोंदवून पेन्शन नाकारता येणार नाही. त्याला पेन्शन द्यायला सांगितलं.

म्हणजे उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. उत्तर आहे: ‘कारण दाखवा.’

हे २०२५ चं नंतरचं झालं. त्याआधीच दादाने ठरवलं होतं. अपिलाला सहा महिन्यांची मुदत होती. त्याने मला लॅपटॉप घेऊन बोलावलं आणि ओसरीवर बसून स्वत: सांगायला लागला. मला वाटलं होतं, गोळीबार वगैरे काही ऐकायला मिळेल. तो सांगत होता नाइट ड्युटीच्या तारखा, रद्द झालेल्या सुट्ट्या, बदल्यांची वर्षं. सोबतचा एक जण गेला तो दिवसही त्याने त्याच आवाजात सांगितला, तारीख, ठिकाण, वेळ. मामी आत कांदा निवडत होती. मध्येच बाहेर आली आणि म्हणाली, ‘हे आम्हाला कधी बोलला नाहीस रे.’

पहिलं अपील नामंजूर झालं, दुसरंही. आता प्रकरण आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या मुंबई बेंचपुढे आहे. तारखा पडतात. दादा गोळ्या घेतो, सकाळी द्राक्षाच्या बागेत असतो, संध्याकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना रनिंग करवतो. बहिणीचं लग्न झालं. पाहुण्यांना मामीने खरं ते सांगितलं, सुपारी फुटायच्या आधी.

तुम्ही-आम्ही फौजेत नाही. पण उद्या आपल्यापैकी कुणाची झोप उडाली तर हाच प्रश्न समोर येणार आहे: हे कामामुळे, की तुम्ही मुळातच असे? म्हणून तारखा लिहून ठेवा, डॉक्टरांचे कागद फाइलमध्ये ठेवा आणि फारच जड झालं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

परवा फोनवर मी दादाला विचारलं, समजा ट्रायब्युनलने ६ हजार मंजूर केले, तर काय करणार?

‘पैसे आईला,’ तो म्हणाला. ‘मला फक्त ती एक ओळ खोडून हवीय.’