पुरलेली रक्कम

३० मार्च, रविवार

उपासनेत मत्तय २५ वाचला. मालकानं तिघा चाकरांकडे सोपवलेले तालांत: पाच, दोन आणि एक. त्या एकवाल्याची आपल्याला नेहमी कीव येते, बिचाऱ्याच्या वाट्याला कमी आलं म्हणून. पण त्या काळचा एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वीसेक वर्षांची कमाई झाली की! त्यानं ती चोरली नाही, उधळली नाही, खड्डा खणून पुरून ठेवली. मालकाला भ्यालो, एवढंच त्याचं म्हणणं. आमच्या मंडळीत ही भीती नम्रतेच्या नावाखाली खपते. "मला मेलीला कुठं काय येतंय, ताई?" आजही चहाच्या वेळी ऐकलंच.

१ एप्रिल, मंगळवार

गायनाचा सराव. नारायण वामन टिळक आमच्या नगरचेच म्हणायचे. १८९५ साली बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी ओवी-अभंग मागे टाकले नाहीत, कीर्तनही ख्रिस्ताच्या सेवेला लावलं. त्यांच्या गीतांना पेटीच हवी, आणि आमच्या पेटीचा गंधार नुसता फुसफुसतो. मागच्या बाकावर बसणारे सुतारकाका पुढे आले. वरची फळी उचलली, पट्ट्या बाजूला केल्या, पितळी सुराच्या जिभेखाली जाड कागदाची कड हलकेच सरकवून धूळ काढली. गंधार बोलला. काकांना प्रार्थना करा म्हटलं की घाम फुटतो. निर्गम ३१ मध्ये देवाच्या आत्म्यानं भरलेला बसालेल तरी कोण होता? सोनं, पितळ, लाकूड घडवणारा कारागीर. यावर उपदेश क्वचितच ऐकू येतो.

५ एप्रिल, शनिवार

पंडिता रमाबाई १९२२ साली आजच्याच दिवशी गेल्या. संस्कृत त्यांना लहानपणीच घरात मिळालं होतं. तेवढ्यावर जन्म निभला असता. बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून बायबल मराठीत आणलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले तेही तिथल्या मुलीबायकांनी. त्यांच्या हातात ही कला आहे, हे खिळे हाती देण्याआधी कुणाला ठाऊक असणार? दिवसभर हेच डोक्यात घोळत राहिलं. खड्डा दर वेळी चाकरच खणतो असं नाही, कधी कधी मंडळीही खणते. आमच्याकडे तेच तिघं गातात, तेच दोघं शास्त्रपाठ वाचतात.

६ एप्रिल, रविवार

दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली एक पोर आज पेटीवर बसली. दुसऱ्या कडव्यात लय सुटली, तबलजीनं सांभाळून घेतली. नंतर एक ज्येष्ठ पाळकांना म्हणाले, "ईस्टरला मात्र नेहमीचेच असू द्या." मी म्हटलं, ईस्टरलाच हिला बसवा, मधे दोन आठवडे आहेत, रोज सराव घेते. पाळक "बघू" म्हणाले. काकांनी तेवढ्यात भाता दाबून पाहिला, "हा फार वारा सोडतो. कातडं आणून द्या, शुक्रवारपर्यंत बसवून देतो."