आडवाटेची दुकाने

दिवाळीच्या भेटी विकत घेणे हे काम आजकाल फार सोपे झाले आहे, आणि मला वाटते, तेच त्यातले मोठे संकट आहे. पूर्वी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढताना खांदे दुखत, पिशव्यांचे बंद बोटांत रुतत. परंतु दहांपैकी नऊ दुकानांत हवी ती वस्तू नसे, आणि त्यामुळे आपल्याला नेमके काय हवे आहे याचा विचार करण्यास आपोआप सवड मिळे. आता रात्रीचे जेवण आटोपल्यावर आरामखुर्चीत पाय पसरावेत, मोबाईलच्या पडद्यावर 'दिवाळी भेट' एवढे दोन शब्द उमटवावेत, की सुक्या मेव्याच्या पेट्या, सुवासिक मेणबत्त्या आणि पितळी दिसणाऱ्या पण पितळेच्या नसलेल्या समया यांची रांग क्षणार्धात समोर उभी राहते. चार-दोन वेळा बोट टेकवले की पुतण्या, मेहुणी, साडू आणि वरच्या मजल्यावरचे डॉक्टर या सर्वांचा एकदम निकाल लागतो. निकाल हाच शब्द येथे योग्य आहे. या सगळ्या खटाटोपात त्यांपैकी एकाचाही चेहरा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा लागत नाही.

या मोठ्या दुकानांशी माझे वैर आहे असे मात्र कोणी समजू नये. माझी पुस्तके, चष्म्याची घरे, फार काय, स्वयंपाकघरातील गाळणीदेखील तेथूनच येते, आणि वेळेवर येते. पण त्या दुकानाचा स्वभाव ओळखून असावे. दर्शनी रांगेतील पुष्कळशा मालावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. म्हणजे तो माल उत्तम म्हणून पुढे आलेला नसतो, पुढे येण्याचे भाडे भरून आलेला असतो. यात नवल नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाला गल्लीतल्या दुकानापेक्षा भाडे अधिक पडते, हा पेठेचा जुनाच कायदा आहे. फरक इतकाच, की खऱ्या पेठेत पाय चुकून गल्लीत वळू शकतात. पडद्यावरच्या पेठेत बोट चुकूनही तिकडे वळत नाही.

मग गल्लीतले दुकान सापडावे कसे? ग्रंथालयात येऊन "सर, एखादे चांगले पुस्तक सांगा" असे म्हणणारा विद्यार्थी दारापाशी मांडलेलीच पुस्तके घेऊन परततो. आतल्या कपाटापर्यंत पोहोचतो तो, ज्याच्या जिभेवर एखादे नाव असते. लहान दुकानांचेही तसेच आहे. 'भेट' या शब्दाला ती ओ देत नाहीत. वस्तूचे नाव घेऊन हाक मारावी लागते. आणि नाव सुचायचे तर ज्याला ती वस्तू द्यायची, त्याच्यापाशी मनाने काही वेळ जाऊन बसावे लागते.

माझी थोरली बहीण, आमची ताई, इंदूरला असते. भावोजी गेल्यापासून त्या मोठ्या घरात ती एकटीच आहे, मुलगा परदेशी. दरवर्षी भाऊबिजेच्या आधी "ताई, तुला काय पाठवू?" असे मी विचारतो आणि "मला आता काही नको रे," असे ती सांगते. हे उत्तर ऐकायला साधे, पण मला ते दरवर्षी थोडे अधिक बोचू लागले होते. ज्या माणसाला काही नको असते, त्याला सुक्या मेव्याची पेटी पाठविणे म्हणजे त्याचे म्हणणे मान्य करणेच होय.

गेल्या दिवाळीपूर्वी एके रात्री मी तिच्याविषयी विचार करीत असताना मला कुडाळजवळचे आमचे आजोळ आठवले. मे महिन्याच्या दुपारी माजघरात आजीची नणंद आम्हा दोघांना घेऊन गंजिफा खेळायला बसे. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफांत १२० पाने असतात: मत्स्य-कूर्मादी दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. खेळायला माणसे तीन लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. लहान हातांत ती मावत नसत. आमच्या त्या संचातली परशुरामाची पंजी हरवली होती. तिच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा कापून घातला होता, आणि तो कोणाच्या हातात आहे हे सर्वांना दिसत असल्यामुळे ज्याच्याकडे तो येई त्याचे तोंड डाव सुरू होण्यापूर्वीच उतरलेले असे. बहुधा ते तोंड माझे असे, आणि ताईला त्याचे फार हसू येई.

मी पडद्यावर 'सावंतवाडी गंजिफा' असे लिहिले. पहिल्या पानावर छापील पत्ते निघाले, दुसऱ्यावर गंजिफांवरचे लेख. त्या लेखांतून सावंतवाडीच्या राजवाड्याची हकीकत वाचायला मिळाली. ही कला नामशेष होण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून तिला पुन्हा उभे केले, आणि राणीसाहेबांनी स्वतःही हाती कुंचला घेतला. एका लेखाच्या शेवटी कारागिरांच्या प्रदर्शनाची यादी होती. यादीत एक नाव, नावापुढे एक साधेसे संकेतस्थळ. त्यावर सवलतीचे आकडे नव्हते आणि 'आता फक्त तीनच उरले' अशी धमकीही नव्हती. एका ओल्या पानावर रंग भरणाऱ्या हाताचे छायाचित्र मात्र होते.

मी पत्र पाठविले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले ते एका बाईंचे. संच तयार नाही. करून द्यावा लागेल. कागदाला चिंचोक्याची खळ द्यायची, पाने गोल कापायची, रंगवायची, मग लाखेचा हात द्यायचा. यंदा परतीचा पाऊस लांबल्यामुळे रंग वाळत नाही, तरी दिवाळीच्या आत पोहोचेल असे वाटते, खात्री देत नाही. 'खात्री देत नाही' हे शब्द मी पुन्हा वाचले. इतके प्रामाणिक वाक्य मला कोणत्याही दुकानाने कित्येक वर्षांत लिहिले नव्हते. शेवटी त्यांनी विचारले होते, "खेळायला हवा की भिंतीवर लावायला?" मी लिहिले, खेळायला. त्यावर उत्तर आले, "मग लाखेचा हात जरा जाड देते."

अशी दुकाने एकमेकांची ओळख करून देतात, हा दुसरा लाभ. याच बाईंनी मला कुडाळजवळच्या पिंगुळीची वाट दाखविली. तेथे ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मुलांना द्यायला मला तेथे रामायणातील प्रसंगाचे एक चित्र मिळाले. मात्र सावधगिरीही हवी. 'वारली' म्हणून शोधले तर यंत्राने छापलेले पेले आणि उशांचे अभ्रे शेकड्यांनी पुढे येतात. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने जगभर नेलेले ते नाव त्या पेल्यावर चिकटते, हात मात्र कोठेच नसतो. अशा वेळी मी एक साधा प्रश्न पाठवितो: हे कोणी केले, आणि किती दिवस लागले? ज्याला उत्तर ठाऊक असते तो लांबलचक लिहितो; ज्याला ठाऊक नसते तो पाच टक्के सवलत देऊ करतो.

कोणी म्हणेल, हे चोचले पगारदार प्राध्यापकाला शोभतात. गंजिफांच्या संचाची किंमत पाहून मीही दोन दिवस गप्प होतो, हे खरे. हाताने रंगविलेली १२० पाने स्वस्त असू शकत नाहीत. ती स्वस्त मिळाली तर कोणाच्या तरी पोटावर पाय आलेला असतो. त्या दोन दिवसांत मी भेटींच्या यादीतली सात नावे खोडली आणि त्या सात जणांना फराळाला बोलावले. एकानेही मेणबत्तीची आठवण काढली नाही. आणि अडचणी म्हणाल, तर त्या पूर्वीपेक्षा कमीच आहेत. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून सावंतवाडीच्या चिताऱ्याला पुण्याहून पैसे पाठविणे म्हणजे क्षणाचे काम झाले आहे. ज्या यंत्रावर मोठी पेठ भरते, त्याच यंत्रातून ही आडवाटही जाते.

गंजिफा भेट म्हणून दूरच्या माणसाला धाडण्याची चाल तशी जुनीच निघाली. सिंधमधील शाह हसन याला या खेळाचा नाद होता आणि त्याने मागितल्यावरून आपण त्याला गंजिफा पाठविल्या, असे बाबराने १५२७ साली आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. बादशहाचे काम माझ्यापेक्षा सोपे होते. त्याला मागणी आलेली होती.

ताईचा संच भाऊबीज उलटून गेल्यावर चार दिवसांनी इंदूरला पोहोचला. रात्री तिचा फोन आला. पेटी उघडल्यावर तिने सर्वांत आधी परशुरामाची पंजी शोधून काढली होती. मग म्हणाली, "अरे, पण तिघे लागतात ना याला? मी एकटी काय करू?" मी काही बोललो नाही. पंधरा दिवसांनी तिने पुन्हा फोन केला तो घाईघाईने. शेजारच्या देशपांडेवहिनी आणि खालच्या मजल्यावरची एक कॉलेजात जाणारी मुलगी समोर बसलेल्या होत्या, पाने वाटून झाली होती, आणि तिघींत वाद पेटला होता. "दिवसा रामाची उतारी आणि रात्री कृष्णाची, हे मला आठवतंय," ती म्हणाली, "पण दिवेलागणीला कोणाची रे?"