मसाला: पाकिटातला की लालबागच्या डंकावरचा?

उन्हं तापू लागली की मुंबईतल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. यंदा वर्षाचा मसाला करायचा, की पाकिटं आणून भागवायचं? मैत्रिणींनो, घरात बसून याचं उत्तर मिळायचं नाही. त्यासाठी गिरगावपासून लालबागपर्यंत एक चक्कर मारायला हवी. चला तर!

गिरगावात आधी पाकिटांची बाजू ऐकून घेऊ. बेडेकरांचा व्यवसाय १९१० साली इथल्याच किराणा दुकानातून सुरू झाला. तयार मसाल्याला नावं ठेवायचं कारण नाही. शंभर ग्रॅम हवा तर शंभर ग्रॅम मिळतो, चव दर वेळी तीच, आणि वर तारीख व अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक छापलेला. तो मात्र वाचूनच घ्यावा, बरं का! उणीव एकच. शंभर घरांना चालेल अशी ती बेताची चव असते. तुमच्या घरची असेलच असं नाही.

आता करी रोड नाहीतर चिंचपोकळीला उतरा. लालबागची मिरची गल्ली विचारत जावं लागत नाही. आधी ठसका लागतो, मग गल्ली दिसते. हा जुना गिरणगाव. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून गिरणीकामाला आलेली माणसं आपापली चव बरोबर घेऊन आली. मालवणी घराला धणे, बडीशेप, दगडफूल घातलेला मसाला हवा, तर घाटावरच्यांना कांदा-लसणाचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. पण उन्हाळ्यात इथले डंक अजून धडधडतात.

मिरची घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: रंग किती हवा आणि तिखटपणा किती? बेडगी सुरकुतलेली, गडद लाल. रंग भरपूर, तिखट कमी. संकेश्वरी झणझणीत. मुलंबाळं असतील तर तीन भाग बेडगी, एक भाग संकेश्वरी घ्या. मिरची मोडून पाहा. कडकन मोडली तर वाळलेली. नुसती वाकली तर ओल आहे, परत ठेवा. देठं काढून घेतलेली थोडी महाग पडते, पण नोकरी करणाऱ्या बाईचा अख्खा रविवार वाचतो. गच्ची नसेल तर जिन्नस भाजून देणारं दुकान गाठा.

डंकावर मसाला कुटला जातो, दळला जात नाही. वेगानं फिरणाऱ्या चक्कीत तो जास्त तापतो आणि वास उडतो. मात्र डंकाला चिमूटभर माल चालत नाही. किती किलोपासून घेतात ते आधी विचारा. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला नीट काढून घ्यायला सांगा, आणि आपला कुटून होईपर्यंत, नाकाला पदर लावून का होईना, तिथेच उभ्या राहा.

मग करायचं काय? साधा हिशेब मांडा. रोज दोन चमचे, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मसाला लागत असेल, तर वर्षाला पावणेदोन-दोन किलो होतो. एवढा खप असेल तर डंकाची खटपट सार्थकी लागते. दोघांचंच घर असेल आणि मसाला आठवड्यातून दोनदाच लागत असेल, तर खुशाल पाकीट आणा; बरणीत पडून वास गेलेल्या मसाल्यापेक्षा ते बरं. मधला मार्गही आहे. याच गल्लीत दुकानदारांचा तयार मसाला सुटा मिळतो. आधी पाव किलो नेऊन आमटी करून पाहा.

पण घरात सासूबाई किंवा आई अजून अंदाजानं मसाला करत असतील, तर यंदा त्यांना बरोबर न्याच. त्या मूठमूठ घालतील, तुम्ही दुकानदाराच्या काट्यावर वजन करून वहीत उतरवा. ती चव कुठल्याच पाकिटात मिळणार नाही, आणि त्यांच्यामागे विचारायचं कुणाला?

आणि हो, कुटून आणलेला मसाला गरम असताना बरणीत भरू नका. कागदावर पसरून पूर्ण निवू द्या, मग हिंगाचे खडे घालून दाबून भरा. ओला चमचा मात्र चुकूनही घालू नका!