करंगळीपासून

कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताकडे कधीतरी नीट पाहावं. बोंड उकललेलं असतं, पण त्याच्या वाळलेल्या टरफलांची टोकं चांगलीच टोचरी असतात. बोटं त्या टोकांना चुकवून आत शिरतात, चिमूट धरतात, आणि एका ओढीत सगळा कापूस बाहेर येतो. दिवाळीनंतर वर्धा जिल्ह्यात हे शेताशेतात चाललेलं असतं. त्याच कापसाचा पेळू होतो, आणि त्यातून धागा काढायलाही चिमूटच लागते. या जिल्ह्याचं पोट त्या चिमटीवर चाललं आणि सेवाग्राम-पवनारमुळे झालेलं त्याचं नावही तिच्यावरच उभं राहिलं. इथे एखाद्याची बोटं तळहाताकडे वाकू लागली की घरातलं एक माणूस कामातून उठतं.

बोटांना मुळाशी वाकवणारे आणि पुढे सरळ ठेवणारे स्नायू फार लहान असतात, तळहाताच्या हाडांच्या सांदीत दडलेले. त्यातल्या बहुतेकांना चालवणारी शीर कोपरामागून जाते. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झणझण जाते, तीच ही. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीरातल्या थंड जागा मानवतात, आणि कोपरामागे ही शीर अगदी कातडीलगत असते. ती सुजते, ठणकते, पुढे तिचं काम बंद पडतं. लहान स्नायू लुळे पडले की हाताचा ताबा कोपराखालच्या मोठ्या स्नायूंकडे जातो. बोटाचं मूळ मागे ताणलं जातं, शेंडा आत वळतो. आधी करंगळी, मग अनामिका.

माझ्या आत्याचं हेच झालं. चट्टा दंडावर होता, दुखत नव्हता, म्हणून कोणी मनावर घेतला नाही. बोटं वाकली तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. माहेरानेही तिचं ताट वेगळं केलं, हे मला सांगायला हवं. सासरच्यांच्या पाठीशी तेव्हा कायदासुद्धा होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत लिहिलेलं होतं. आत्या चुलीपुढे बसायची, आणि तिच्या बोटांवरचा फोड तिच्याआधी आम्हा पोरांना दिसायचा. ‘हाताले काई कळतच नाई गं,’ ती म्हणायची. बोटं रोगाने झडतात असं गाव समजत होतं. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षं ते हात पाहून दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत. वेदना न कळल्यामुळे ती भाजतात, कापतात, चिघळतात आणि अशी झिजत जातात. ही गोष्ट माझ्या आजीला कोणी वेळेवर सांगितली असती तर तिने लेकीच्या तव्याला आधी फडकं गुंडाळलं असतं.

वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांच्या सहवासात वाढलेल्या मनोहर दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं, तेव्हा हाताशी खात्रीचं औषध नव्हतं. कडूकवठीच्या तेलाची इंजेक्शनं होती, दुखरी आणि बेभरवशाची. बाकी होतं ते शेत, चरखा आणि जखमा धुणारे हात. त्यानंतर थोड्याच वर्षांत परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, गांधीजींच्या येरवड्याच्या तुरुंगवासातले ओळखीचे, कुष्ठरोगाने खंगलेले. त्यांच्यासाठी आश्रमात कुटी बांधली, आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. त्या मालिशीचं छायाचित्र अनेकांनी पाहिलेलं आहे. लोकांना त्यात करुणा दिसते. मला त्यात उपचार दिसतो, आणि हे मी पूर्ण विचाराने म्हणते आहे.

कारण वाकलेल्या हाताची रोजची चिकित्सा आजही बरीचशी तशीच आहे. बधिर हाताला घाम येत नाही, कातडं कोरडं पडून भेगाळतं. म्हणून हात वीसेक मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचा, ओलसर असतानाच तेल लावायचं. मग तो मांडीवर उताणा ठेवून, दुसऱ्या हाताच्या पंजाने बोटं मुळापासून शेंड्यापर्यंत हळूहळू सरळ करत न्यायची. रोज, न कंटाळता. स्वतःचा दुसरा हातही वाकला असेल तर ते दुसऱ्या कोणीतरी करायला हवं, आणि तिथेच सगळं अडतं. त्या हाताला शिवायला घरात कोणी तयार नसेल तर सांधे आखडतात. एकदा आखडलेल्या सांध्यापुढे सर्जनचाही नाइलाज होतो.

1951 साली गांधीजींच्या स्मरणार्थ वर्ध्यात कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं. डॉ. वर्देकरांच्या पुढाकाराने कार्यकर्ते गावोगाव घरं धुंडाळत फिरू लागले. पुढे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधांचा उपचार आला, आणि देशात तो सर्वांत आधी मिळालेल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा होता. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू मरतो. पण लुळी पडलेली शीर त्या गोळ्यांनी जागी होत नाही. शीर दुखू लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू झालं तर पुष्कळदा ताकद परत येते. त्यापेक्षा उशीर झाला की शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. ‘गोळ्या खाल्ल्या तरी बोटं वाकडीच, म्हणजे रोग आहेच’ हा समज फार लोकांना घरी बसवतो.

आत्याला गोळ्या मिळाल्या, आणि एका फिरत्या कार्यकर्तीने तिला तेल लावायला शिकवलं. आजीने सुरुवातीला लांबून पाहिलं, नंतर स्वतःच तेलाची वाटी घेऊन बसायला लागली. त्यामुळे आत्याचे सांधे मोकळे राहिले, आणि शस्त्रक्रिया करता आली. बोट वाकवणाऱ्या दोऱ्या अंगठा सोडून प्रत्येक बोटाला दोन-दोन असतात. मधल्या बोटातली वरची दोरी सोडवून तिचे चार पदर करतात, तळहातातून ओवून ते बोटांच्या बाजूंना बसवतात. काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो. त्यानंतरचं शिक्षण मला सर्वांत थोर वाटतं, कारण ज्या विचाराने इतकी वर्षं एक बोट वाकत होतं त्याच विचाराने आता सगळा पंजा उघडायला शिकायचं असतं. आत्या आम्हाला दाखवायची: ‘मधलं बोट वाकवाचं म्हनलं का बाकीचे सरळ होतेत, पाह्य बाई.’ भात कालवून पहिला घास स्वतःच्या हाताने तोंडात घातला, तेव्हा ती रडली नाही. तिने आणखी वरण मागितलं.

स्पर्श मात्र परत आला नाही. अजूनही रोज संध्याकाळी ती दोन्ही हात उजेडात धरून चरे-फोड शोधते. वेचणीला जाताना बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधते. गावात कोणाची करंगळी बाजूला जात नाही, चिमटीत धरलेला कागद सुटतो असं कळलं की गावातल्या आशा कार्यकर्त्या तिला सोबत नेतात. आत्या फार बोलत नाही. समोरच्याचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेते आणि विचारते, ‘तेल लावतं का रोज? दाखव मले.’