जमा आणि नावे

मराठीच्या अध्यापकाला हिशेब येत नाही असा एक समज आहे आणि आम्ही अध्यापकही तो आनंदाने जोपासतो. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळीने चर्चच्या बांधकाम निधीचे खजिनदारपद माझ्याकडे सोपवले, तेव्हा मीही तीच सबब पुढे केली. “तुम्हाला लिहिता येतं ना, तेवढं पुरे,” पाळकसाहेब म्हणाले. लिहिता येणे म्हणजे नेमके काय, हे मला त्यानंतर थोडेफार कळले.

आमचे जुने चर्च मिशनच्या काळातले. भिंती दगडमातीच्या, वर पत्रे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला आपले ठाणे उभारले. तेव्हापासून जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळा आणि चर्चे यांच्यासाठीचा बराचसा पैसा समुद्रापलीकडून येत राहिला. १९०० च्या दुष्काळातही अमेरिकेतून मदत आली आणि रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या नगरच्या मिशनऱ्यांनी ती वाटण्याची जबाबदारी वाहिली. गावकुसाबाहेरचे आमचे पूर्वज मिशनच्या वह्यांमध्ये असलेच, तर घेणाऱ्यांच्या यादीत असणार. आज परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती आमच्या न्यासाकडे नाही. तेव्हा जे काही उभे राहायचे, ते आमच्याच पैशांतून.

निधीच्या आरंभी पाळकसाहेबांनी दुसऱ्या राजांच्या पुस्तकातला बारावा अध्याय वाचला. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीसाठी यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून ते मोजीत. आम्हीही तेच केले. पेटीला दोन कुलपे, मोजायला दोन पंच, वहीवर दोन सह्या आणि प्रत्येक देणगीला पावती. मूळ प्रत देणाऱ्याला, स्थळप्रत आमच्याकडे. कापणीच्या सणाला बाजरी, कोंबड्या, नारळ यांचा लिलाव झाला. एकच नारळ घेणाऱ्याने परत दिला आणि तो पाच वेळा विकला गेला. त्याच्या पाच पावत्या मी फाडल्या.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी मंडळीतल्या एक मावशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी पाचशेची नोट माझ्या हातावर ठेवली. मी पावतीपुस्तक उघडले. त्या घाईने म्हणाल्या, “मास्तर, नाव नका लिहू.” मला ते फार आवडले. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू न देण्याची शिकवण मी आजवर पुष्कळदा ऐकली होती; इथे ती प्रत्यक्ष उभी होती. नोट पेटीत टाकली. वहीत ‘गुप्तदान’ लिहायचे ठरवले आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, ते राहून गेले.

फेब्रुवारीत ठेकेदाराचा हप्ता द्यायच्या आधी ताळा घेतला, तर पेटीत वहीपेक्षा पाचशे रुपये जास्त. कमी भरले असते तर ओरड झाली असती. जास्त भरल्याचे कोणालाच दुःख नव्हते. “किरकोळ जमेत टाका,” असे पंचांनी सुचवले. माझ्या मनात मात्र एकनाथ होते. जनार्दनस्वामींच्या पायाशी हिशेब तपासताना मध्यरात्री एका पैची चूक सापडली, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, ही आख्यायिका मी वर्गात कितीदा सांगितली असेल. तिसऱ्या रात्री मलाही आठवले: पदराची गाठ, चार घड्यांची नोट. टाळी वाजवावी इतका आनंद झाला, हे कबूल करतो.

ती कथा तिथे संपत नाही, हे आपण जाणतोच. पैच्या चुकीने एवढा हर्ष होतो, तर संसारातली चूक सापडली तर किती होईल, असे स्वामी विचारतात. माझी चूक मला मार्चमध्ये सापडली.

फड संपवून मावशी परतल्या. भेटताच त्यांनी विचारले, “माझं नाव कुठं लागलं न्हाई ना?” मी म्हणालो, “नाही. पण नावाला इतकं का भ्यायचं?” त्या म्हणाल्या, “मुकादमानं नाव लिहिलं, अंगठा घेतला, का देणं लागतं. दोन साल झालं, फिटंना.” दिलेले पाचशेही त्या वर्षीच्या उचलीतलेच होते.

मी मराठीचा अध्यापक. जमाखर्चाच्या वहीत एका बाजूला ‘जमा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नावे’ लिहितात, एखाद्याच्या नावे लिहिणे म्हणजे त्याच्याकडे येणे काढणे, हे मला ठाऊक होते. पण काही माणसांची नावे पिढ्यान्‌पिढ्या वहीच्या त्या एकाच बाजूला लिहिली गेली, हे लक्षात आले नव्हते. ज्याला मी विनय समजलो, ती दहशत होती. दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मार्काने आणि लूकने लिहिली. नाव दोघांनीही लिहिलेले नाही. त्या अनामिकपणाचे आम्ही शिकलेल्यांनी कौतुक करावे, हे सोपे असते. आमची नावे कोनशिलेवर यायची असतात.

मी पावतीपुस्तक उघडले. “ही बाजू देणाऱ्यांची आहे, मावशी. यात लिहिलं की तुमचं देणं लागत नाही. तुम्ही दिलं, एवढंच लागतं.” त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग स्वतःचे पूर्ण नाव सांगितले, नवऱ्याच्या नावासकट. मी लिहिले, वाचून दाखवले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. पण कागद घेतला नाही. “तुमच्यापाशीच राहू द्या,” म्हणाल्या.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये आमच्या न्यासाचे लेखापरीक्षण होते. त्या वर्षी लेखापरीक्षक पावतीपुस्तक चाळताना एका पानावर थांबले. “इथं मूळ प्रत फाडलेली नाही. पावती रद्द का?”

“नाही,” मी म्हणालो, “रक्कम जमा आहे.”