कानोसा

नवी वस्तू घरात आली, की ती कशी दिसते हे सगळेच पाहतात. ती कशी वाजते याकडे मात्र जुन्या माणसांचेच लक्ष असते. मडके घेताना आई त्यावर बोटाची पेरे मारून पाही. ठण्ण आवाज आला तर मडके पक्के, बद्द आला तर कुठे तरी चीर. नारळ कानाशी हलवून घ्यायचा, रुपया दगडावर वाजवून घ्यायचा, आणि कोल्हापुरी वहाण करकर वाजली नाही तर घेणारा नाक मुरडी. डोळ्यांना फसवणे सोपे, कानांना फसवणे अवघड, असा त्या पिढीचा अनुभव असावा. म्हणूनच की काय, लक्ष देऊन ऐकण्याला मराठीने एक खास शब्द दिला आहे: कानोसा.

हा शब्द मला यंदा पावसाळ्यात पुन्हा भेटला. माझी नात संगणकावर हलती चित्रे तयार करण्याचे काम करते. पहिल्या कमाईतून तिने त्या संगणकासाठी एक ग्राफिक्स कार्ड आणले. कार्ड म्हणायचे, पण आकाराने चांगली वीट. त्याची किंमत ऐकून माझ्या निवृत्तिवेतनाने मान खाली घातली! दुकानदाराने बदलून देण्याची मुदत सात दिवसांची ठेवली होती. त्यातले तीन उलटले, आणि रात्री ती माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "आजोबा, कार्ड ओरडतंय. जरा बघता का?"

माझी सारी नोकरी विजेच्या उपकेंद्रांत गेली. ट्रान्सफॉर्मरच्या गुंजनावरून त्याची प्रकृती ओळखण्याची सवय अंगी मुरलेली. मी पेटीशी कान नेला. पंख्यांची घूं घूं ऐकू आली.

"हाच ना?"

"हा नव्हे हो. त्याच्या वरचा. बारीक, सुईसारखा."

तिच्या कपाळावर त्या आवाजाने आठी पडत होती, आणि माझ्या कानांत त्या जागी निखळ शांतता होती. माणसाला सेकंदाला वीसपासून वीस हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, असे शाळेत शिकवतात. पण ही वरची मिरास तरुणपणापुरतीच. वय वाढते तसे वरच्या पट्टीचे सूर आधी निघून जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत. हे मी पुस्तकात वाचले होते. त्या रात्री ते माझ्याविषयी लिहिलेले होते, एवढेच.

मग आम्ही कामाची वाटणी केली. कान तिचे, तर्क माझा. मी म्हटले, "आधी आवाजाला नाव दे." या बाबतीत मराठीसारखी श्रीमंत भाषा नाही. घरघर, खरखर, टकटक, चटचट, गुणगुण, चीं चीं. यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धे निदानच असते. खरखर असेल तर पंख्याचा बेअरिंग बिघडलेला. माल परत करावा. ठेक्यात टकटक असेल तर एखादी वायर पात्याला लागते आहे. ती बाजूला बांधावी. चटचट असेल आणि सोबत जळका वास असेल, तर विचार करीत बसू नये, आधी बटण बंद करावे. नातीने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "चीं... आणि मधूनमधून चर्रर्र."

पुढची पायरी जागा शोधण्याची. मी वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्या हाती दिली. 1816 साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची अशीच सुरळी करून एका रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले, आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप जन्माला आला. सुरळीचे टोक पंख्यांपासून जरा दूर ठेवून ती ऐकत गेली. खाली वीजपुरवठ्याची पेटी: गप्प. वर कार्डाच्या मागच्या अंगाला: तिथेच!

पंख्यांची निर्दोष सुटकाही सोपी होती. अशा पुष्कळ नव्या कार्डांचे पंखे थंडपणी स्थिर असतात आणि कार्ड तापल्यावरच फिरू लागतात. चित्राचे काम सुरू करताच त्या क्षणी आवाज उमटला. पंखे अजून जागचे हलले नव्हते. शेवटी तिने एक खेळ उघडला. त्याच्या पहिल्या फलकावर चार अक्षरांपलीकडे काही नव्हते, तरी कार्डाने किंकाळी फोडली. काढायला सोपे चित्र मिळाल्यामुळे ते सेकंदाला हजारांवर चित्रे काढीत सुटले होते. सेकंदाला साठच चित्रे काढायची अशी मर्यादा घालताच ते गप्प झाले.

आता मला सारे ओळखीचे वाटू लागले. वीजपुरवठ्याकडून कार्डाला बारा व्होल्ट मिळतात. आतल्या चिपला हवा असतो साधारण एक. तीनशे वॅट खाणारे कार्ड असेल तर एका व्होल्टला तीनशेच्या आसपास अँपिअर प्रवाह लागतो. हा बदल घडवायला कार्डावर तारेच्या लहान लहान गुंडाळ्या ओळीने बसवलेल्या असतात. त्यांतला प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो. तो वेग कोणत्याच माणसाला ऐकू येत नाही. पण प्रत्येक चित्राबरोबर कामाचा भार चढतो आणि उतरतो, आणि ती चढउतार ऐकू येण्याच्या टापूत पडली की गुंडाळीची तार थरथरते. चुंबकत्वाने लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे ज्यूलने 1842 मध्येच दाखवले होते. पन्नास आवर्तनांच्या विजेवर चालणारा आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला शंभर कंपनांनी गुणगुणतो, तो याच कारणाने. म्हणजे हे कार्ड आमच्याच घराण्यातले होते; फक्त पट्टी वरची.

"म्हणजे जळणार नाही ना? पंधरा तारखेला काम द्यायचंय मला."

"या आवाजाने जळत नाही. त्रास होतो तो कानाला."

मोटारीच्या गुंडाळ्या आम्ही वार्निशमध्ये बुडवीत असू, म्हणजे तारा जागच्या हलत नसत. पण नव्या कार्डावर असले हस्तकौशल्य दाखवले की हमी गेलीच. दुकानदार फोनवर म्हणाला, "हा दोष धरत नाहीत. बदलून देतो, पण दुसरं गाणार नाही याचा शब्द देत नाही." ती बराच वेळ गप्प बसली. पैसे तिचे, कान तिचे. मी सल्ला दिला नाही. सकाळी तिनेच सांगितले, "राहू दे. मर्यादा घातली की सोसवतं. काम करतंय म्हणून ओरडतंय ना."

ते काम तिने वेळेत दिले. माझ्या मनात मात्र ती शांतता राहिली. माझ्यापुरते किती आवाज असे न कळत बंद झाले असतील? श्रावणातल्या एका रात्री पाऊस उघडला होता. आम्ही गच्चीत बसलो होतो, आणि मी तिला सहज विचारले, "इथे रातकिडे असतात का गं अजून?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आहेत की. त्या बदामाच्या झाडात खूप आहेत. आत्ता एक थांबला... आता दुसऱ्यानं सुरू केलं."

आणि ती मला रातकिडे सांगत राहिली.